तक्त्यात नसलेली गोळी

द्वारका, नाशिक
दिनांक १४ एप्रिल २०२५

योगिनी,

माझे आशीर्वाद तू अकरा वर्षांपूर्वी परत केलेस. म्हणून ते गाळून थेट मजकुरास आरंभ करतो.

तुझी आई शुक्रवारपासून रुग्णालयात आहे. तिची मूत्रपिंडे काम करीनाशी झाली आहेत. ती जिवंत आहे. कधी शुद्धीवर असते, कधी नसते. तू यावेस असे मी लिहीत नाही. वस्तुस्थिती तुला विकृत स्वरूपात कळू नये, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

तिच्या हृदयाचा विकार चार वर्षांचा आहे. पायांवर सूज येते, म्हणून तिला लघवी होण्याची एक गोळी असते आणि रक्तदाबाची एक. या सर्व औषधांचा तक्ता मी स्वतः आखला आहे : गोळीचे नाव, मात्रा, वेळ, जेवणापूर्वी की जेवणानंतर, आणि शेवटच्या रकान्यात माझी स्वाक्षरी. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला आहे. चार वर्षांत एकही गोळी चुकलेली नाही. रुग्णालयातील डॉक्टरबाईंनी इतर रुग्णांना दाखविण्यासाठी त्या तक्त्याचे छायाचित्र घेतले होते. सांगण्याचे तात्पर्य, माझ्या व्यवस्थेत दोष नव्हता.

काल सकाळी तिची पातळे नेण्यासाठी मी कपाट उघडले. एका पातळाच्या घडीतून कागदी पिशवी खाली पडली. पिशवीवर द्वारकेजवळच्या नईमच्या औषधांच्या दुकानाचा शिक्का होता आणि आत डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. त्यांपैकी तीन रिकाम्या. मी त्या डॉक्टरबाईंना नेऊन दाखविल्या. त्यांनी एक पट्टी उलटून नाव वाचले आणि त्या म्हणाल्या, "लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि त्यावर ही. किडनीला तिन्ही बाजूंनी मारलं, आजोबा. आणि किती दिवस हे चाललं होतं?"

त्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी मी घरी आलो, रूळ घेतला आणि नईमच्या दुकानी गेलो.

नईम तुला आठवत असेल. सायखेड्याच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता. तुझ्या पुढे दोन इयत्ता. दुकानात चार गिऱ्हाइके होती. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारले, "ही तुझीच ना?" तो म्हणाला, "हो सर, पिशवी माझीच, पण..." त्याच्या 'पण'नंतरचे मी ऐकले नाही. पहिला रूळ काउंटरच्या काचेवर बसला. काच पूर्ण फुटली. दुसरा त्याने मध्ये आणलेल्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, तो ओल्या काटकीसारखा नसतो, कोरडा आणि आखूड असतो. तिसरा भुवईवर. तो काचांवर बसला तेव्हाही "सर, ऐकून तर घ्या" एवढेच म्हणत होता. गिऱ्हाइकांनी मला मागून धरले. चौथा हवेत राहिला.

मी त्याला मारले. या वाक्याचा प्रयोग बदलून ते सौम्य करण्याची माझी इच्छा नाही. जो माणूस एका वृद्ध, हृदयविकार असलेल्या स्त्रीला चिठ्ठीवाचून विष विकतो, त्याला मारलेच पाहिजे. पोलिसांनी गुन्हा नोंदविला, रूळ जप्त केला आणि माझे वय अठ्ठ्याहत्तर असल्याने नोटीस देऊन सोडले.

दोन गोष्टी स्पष्ट करतो. तुझी आई मार्चच्या आरंभी न्हाणीघरात पडली होती. तिचा उजवा खांदा दुखत असे. त्यासाठी तिने या गोळ्या घेतल्या असाव्यात. दुसरे, दोन मार्चच्या रविवारी तुझे आणि तिचे दूरध्वनीवरील बोलणे मध्येच तुटले, त्याविषयी तू शेजारच्या लताबाईंकडे चौकशी केलीस, असे मला समजले. ते तांत्रिक कारण होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

भि. स. गायखे


द्वारका, नाशिक
दिनांक १६ एप्रिल २०२५

योगिनी,

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. वस्तुस्थितीत एक दुरुस्ती आवश्यक झाली आहे, म्हणून लिहितो.

आज मला पोलीस ठाण्यात बोलाविले होते. नईमही होता. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि भुवईवर नऊ टाके. डोळा सुजून मिटला आहे. एका डोळ्याने तो माझ्याकडे पाहत होता. मला पाहताच तो उठून उभा राहिला. सवय. फौजदारबाईंनी त्याला खाली बसविले.

त्याचा जबाब मी शब्दशः देतो. भाषा त्याची आहे.

"काकू पाच मार्चला आल्या होत्या. खांदा धरून. मी म्हणलो काय झालं, तर म्हणल्या पडले. मी पॅरासिटामॉल दिली. एक पट्टी. किती घ्यायची, दिवसात किती वेळा, सगळं पिशवीवर लिहून दिलं. चार दिवसांनी परत आल्या. म्हणल्या, यानं राहत नाय रे नईम, जोरातली दे. मी म्हणलो, काकू, लघवीची गोळी चालूय ना तुमची? मग जोरातली नाय देणार. ती तुमच्या किडनीला मारंल अन् पायाची सूजबी वाढवंल. डॉक्टरांना खांदा दाखवा, न्हाय तर सरांना घेऊन या, मी समजावतो त्यांना. तर काकूंनी माझा हात धरला. म्हणल्या, त्यांना कळू देऊ नको."

"का कळू द्यायचं नव्हतं, आजोबा?" फौजदारबाईंनी मला विचारले.

"ती संकोची आहे," मी म्हणालो.

फौजदारबाईंनी ते लिहून घेतले नाही.

मी ती पिशवी पुन्हा मागून घेतली. तिच्या मागील बाजूस नईमच्या अक्षरात लिहिलेले होते : पॅरासिटामॉल, एका वेळी एक, दिवसातून तीनपेक्षा जास्त नाही, दुखणे तीन दिवसांत न थांबल्यास डॉक्टर. मी ती बाजू पाहिलीच नव्हती. म्हणजे पिशवी त्याची, परंतु त्यातील त्या चार पट्ट्या त्याच्या नव्हेत. त्या कोठून आल्या, हे अद्याप अज्ञात आहे. ते मी शोधून काढीन.

निघताना नईम म्हणाला, "सर, सातवीत तुम्ही मला याच रुळानं मारलं होतं. अकरा. मी मोजले होते. घरी गेलो तर वडील म्हणले, गुरुजींनी मारलं म्हणजे तू कायतरी केलं असशील. अन् अजून दोन दिल्या." तो थोडा हसला, टाक्यांमुळे ते हसणे अर्धेच उमटले. "आता माझी पोरगी विचारती, जिया. सहा वर्षांची हाय. अब्बा, तुम्ही काय केलं होतं? काय सांगू तिला, सर?"

त्या वर्षी त्याने काय केले होते, ते मला आठवत नाही. मी घरी येईपर्यंत आठवण्याचा प्रयत्न केला.

आईची प्रकृती तशीच. काल दिवसभरात शंभर मिलिलीटर लघवी झाली. आज डायलिसिसचा पहिला फेरा झाला. गळ्याजवळ नळी घातली आहे. नळी घालताना चौघींनी तिला धरले होते. तिने आवाज केला नाही. परिचारिका म्हणाली, "आजी भारी सोसतात."

भि. स. गायखे


द्वारका, नाशिक
दिनांक १८ एप्रिल २०२५

योगिनी,

पट्ट्या लताबाईंनी दिल्या होत्या.

लताबाई मधले चार-पाच दिवस घोटीस, भावाकडे होत्या. काल परतल्या. त्यांच्या गुडघ्यांना वर्षभर त्याच गोळ्या चालू आहेत, हे मला ठाऊक होते. दुपारी मी त्यांच्या दारावर लाथ मारली. रूळ पोलिसांकडे असल्याने हाती काही नव्हते, लाथ मारली. कडी आतून निखळली आणि दार भिंतीवर आदळले. लताबाई नारळ फोडत होत्या. कोयता हातात घेऊनच त्या उठल्या.

"या गुरुजी. या. मारा. नईमला मारलं, आता मला मारा."

"तुम्ही तिला गोळ्या दिल्या?"

"दिल्या! मी दिल्या. रोज दोन. तिला कूस बदलता येत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती, डाव्या हातानं थापायची बिचारी. तुम्ही ताटावर बसून खायचे अन् भाकरी जाड झाली म्हणून बोलायचे. मी दिल्या."

"तिला लघवीची गोळी चालू आहे. मूत्रपिंडे गेली तिची."

"मला काय ठाव? मी चौथी शिकलेली बाई. मला डॉक्टरनं दिली, मला सोसली, मी तिला दिली. तुम्ही तर भिंतीवर येवढा मोठा कागद लावलाय. हे खा, ते खा, कवा खा. काय खाऊ नको, ते लिव्हलं होतं का त्याच्यावर?"

मी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी कोयता खाली केला नाही. "आणखी एक पाऊल टाकलं ना गुरुजी, तर हा नारळ समजून फोडीन. अन् न्हाणीत पडली म्हणं! माझी भिंत अन् तुमची भिंत एकच हाय. पस्तीस वर्सं ऐकती मी."

मी परत आलो. लताबाईंचा आवाज मोठा आहे. खालपर्यंत ऐकू गेला असावा.

तक्त्यासमोर उभा राहिलो. त्यांचे म्हणणे खरे होते. काय घेऊ नये, याचा रकाना मी आखलेला नव्हता. दुखते का, कोठे दुखते, याचाही नाही.

आता सव्वीस मार्चविषयी. हे मी आधीच्या दोन्ही पत्रांत लिहिले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे.

त्या दिवशी आईला तपासणीस नेले होते. पाय पुन्हा सुजले होते, बोट दाबले की खळगा राही. डॉक्टरबाईंना आश्चर्य वाटले. गोळी नियमित, मीठ कमी, तरी सूज का? त्या आईकडे वळून म्हणाल्या, "आजी, दुसरी कुठली गोळी घेता का? दुखण्याची, सर्दीची, मेडिकलमधून आणलेली?" आईने तोंड उघडले. तिने तोंड उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात मी तक्ता पुढे केला आणि म्हणालो, "ती काय सांगणार? तक्ता पूर्ण आहे. याबाहेर घरात एकही गोळी नाही."

आईने तोंड मिटले.

डॉक्टरबाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि लघवीच्या गोळीची मात्रा दुप्पट केली. मी घरी येऊन तक्त्यात लाल शाईने दुरुस्ती केली. आता मला सांगण्यात आले आहे, की सूज त्या वेदनाशामक गोळीनेच वाढली होती. आणि जिच्या मूत्रपिंडांना ती गोळी आधीच कोरडी पाडत होती, तिच्यातून आम्ही आणखी पाणी उपसले. सोळा दिवस. प्रत्येक मात्रेसमोर माझी स्वाक्षरी आहे.

आई त्या खोलीत का बोलली नाही, असे तू विचारशील. अठ्ठेचाळीस वर्षांत कोणत्याही डॉक्टरसमोर, मास्तरसमोर, दुकानदारासमोर तिच्या वतीने मीच बोललो आहे. आमच्याकडे तशी पद्धत होती आणि मला ती योग्य वाटत होती.

लताबाईंनी तुला दूरध्वनी केला आहे, असे त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितले.

भि. स. गायखे


रुग्णालय, तळमजला
दिनांक २१ एप्रिल २०२५

योगिनी,

तू माझ्यापासून दोन मजले वर आहेस आणि मी पत्र लिहीत आहे. हे लताबाईंच्या हाती वर पाठवीन. तू ते फाडलेस, तर मी पुन्हा लिहीन.

काल जिन्यात तू मला मारलेस. एकच. चष्म्याची उजवी काच तडकली आहे. अक्षर ओळीत नसेल, तर ते त्यामुळे. वॉर्डबॉय धावत आला, "मॅडम, मॅडम, म्हातारा माणूस आहे." तू त्याला म्हणालीस, "म्हातारा झाला, माणूस कधी झाला?" मग तू खाली पडलेला चष्मा उचलून माझ्या हातात दिलास आणि निघून गेलीस. चष्मा देताना तुझ्या डाव्या हाताची करंगळी मी पाहिली. ती अजून वाकडीच आहे.

मला एक ठाऊक आहे, ते सांगतो. मारणाऱ्याचा हात मारल्यानंतर काही वेळ ऊन राहतो. तो खिशात घातला तरी जाणवतो. तुझा राहिला असेल, तर त्याची लाज बाळगू नकोस. ती माझी आहे, तुझ्याकडे माझ्यामार्फत आली.

तू मला का मारलेस, तेही ठाऊक आहे. काल सकाळी डॉक्टरबाईंनी तुझ्या समक्ष मला बोलाविले. आईच्या छातीचे क्ष-किरण चित्र त्यांच्या हाती होते. फुप्फुसातील पाणी पाहण्यासाठी काढलेल्या त्या चित्रात गळ्याखालचे आडवे हाड वाकडे जुळून आलेले दिसत होते. "सहा-सात आठवड्यांपूर्वी मोडलेलं आहे," त्या म्हणाल्या. "हे दुखणं घेऊन आजी भाकऱ्या करत होत्या. आजोबा, हे कशानं झालं, ते मला खरं कळायला हवं. त्या बऱ्या झाल्या आणि परत तेच घडलं, तर त्या परत लपवून गोळ्या खातील. या वेळी किडनी परत येईल, असं वाटतंय. पुढच्या वेळी येणार नाही."

तू माझ्याकडे पाहत होतीस. मी म्हणालो, "न्हाणीघरात पडली."

त्यानंतर जिना.

आता लिहितो. तोंडाने मला सांगता येत नाही. काल दोनदा प्रयत्न केला. सही केलेले हे पत्र तू डॉक्टरबाईंना वाचायला दे.

दोन मार्चला दुपारी मी निफाडहून ठरल्यापेक्षा लवकर परतलो. दार लोटलेले होते. आई स्वयंपाकघरात लताबाईंचा दूरध्वनी कानाशी धरून उभी होती. ती हसत होती. इतक्या वर्षांत ते हसणे मी ऐकले नव्हते. म्हणून क्षणभर वाटले, घरात परकी बाई आहे. मग ती म्हणाली, "योगे, तुझ्या हातचं वरण खायला येईन गं एकदा. यांना न सांगता येईन." आणि पुन्हा हसली.

तुझ्याशी बोलायचे नाही, हा या घराचा नियम होता. तू नोकरीसाठी हैदराबादला जाण्याचे मला न विचारता ठरविलेस आणि त्या दिवशी मी तुझी करंगळी मोडली. त्या संध्याकाळी तो नियम मी केला. तू तिला पाठविलेली पत्रे मी उघडीत असे, चुका लाल शाईने दाखवून तुला परत धाडीत असे. ती तिला कधीच वाचायला मिळाली नाहीत. पुढे तू पत्रे पाठविणे सोडलेस, तेव्हा मला वाटले, विषय संपला.

रूळ दाराच्या मागे खुंटीवर असे. मी तो घेतला. तिने मला पाहिले. तिने दूरध्वनी बंद केला नाही, पोटाशी धरला. तो वाचविण्यासाठी ती वळली, आणि डोक्यावर बसणारा रूळ खांद्याच्या पुढच्या बाजूस बसला. तो कोरडा, आखूड आवाज मी ओळखतो, असे पहिल्या पत्रात लिहिले आहे. तो मी कोठे ऐकला, ते लिहिले नव्हते. एकदा तुझ्या करंगळीचा. एकदा हा.

ती खाली बसली. दूरध्वनी फरशीवर पडला. त्यातून तुझा आवाज येत होता : "आई? आई, काय झालं? आई?" मी तो पायाने तुडवून बंद केला.

आई म्हणाली, "अहो, तो लताबाईंचा आहे."

एवढेच म्हणाली. हाड मोडलेले असताना. संध्याकाळी तिने डाव्या हाताने भात लावला आणि मी तो जेवलो. भातात मीठ नव्हते. तेही मी बोलून दाखविले.

त्यानंतर तिचा खांदा दुखतो, हे मला दिसत होते. ते विचारले असते, तर कशाने दुखतो, हे बोलावे लागले असते. म्हणून मी विचारले नाही. तिला ते माहीत होते. म्हणून ती नईमकडे गेली, आणि नईमने योग्य ते सांगितल्यावर लताबाईंकडे. मी नईमचा हात ज्या गोष्टीसाठी मोडला, ती त्याने केलीच नव्हती. ती मी केली होती.

भिमाजी सखाराम गायखे


द्वारका, नाशिक
दिनांक २९ एप्रिल २०२५

योगिनी,

हे शेवटचे पत्र आहे. आईला हैदराबादला नेताना तू हे रेल्वेत वाचशील, कारण मी ते आईच्या पिशवीत, औषधांच्या डब्याखाली ठेवणार आहे.

काल तू फौजदारबाईंना माझे आधीचे पत्र दिलेस. योग्य केलेस. त्यांनी मला बोलावून ते माझ्यासमोर मोठ्याने वाचले आणि विचारले, "यातलं काही बदलायचंय?" मी म्हणालो, नाही. आता दोन गुन्हे आहेत. रूळ त्यांच्या कपाटात आहे, त्याला चिठ्ठी बांधलेली आहे. मी तो परत मागणार नाही.

तेथून मी नईमच्या दुकानी गेलो. काउंटरला नवी काच बसली आहे. त्याने मला पाहिले आणि हात वर केला, प्लास्टरचा.

"सर, आत येऊ नका."

मी पायरीवर थांबलो. दोन गिऱ्हाइके बाजूला झाली.

"नईम, मी..."

"सर, केस मागं घेणार नाय मी. आधीच सांगतो."

"घेऊ नकोस."

मला नव्या काचेकडे पाहून एक गोष्ट आठवली. जुन्या काचेवर आतल्या बाजूने त्याने हाताने लिहिलेला एक कागद चिकटविलेला होता : लघवीची किंवा बीपीची गोळी चालू असल्यास दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका मीच त्याला दाखविल्या होत्या आणि तो कागद पुन्हा लिहायला लावला होता. महिन्यातून दोनदा मी त्या कागदासमोर उभा राहून आईची औषधे घेत असे. तो मी तपासला; वाचला कधीच नाही. त्या दिवशी रूळ मारला, तो नेमका त्यावरच.

"तो कागद मी पुन्हा लिहून देतो," मी म्हणालो.

"नको सर." त्याने मान हलविली. "मीच लिहीन. चुकलं तरी चालंल. लोकांना कळतं."

आता शेवटचे. आज सकाळी तू आईची कागदपत्रे आणायला खाली गेली होतीस, तेव्हाचे. तुला हे कोणी सांगणार नाही.

आई पलंगावर बसली होती. गळ्यातील नळी काढली आहे, तेथे चिकटपट्टी आहे. तीन डायलिसिसनंतर लघवी सुरू झाली. काल दीड लीटर झाली, असे परिचारिकेने मला आनंदाने सांगितले, जणू परीक्षेचा निकाल. डॉक्टरबाई हैदराबादच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहीत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. सवयीने तक्ता बरोबर आणलेला होता. नवा आखला होता. काय घेऊ नये, असा एक रकाना वाढविला होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, आता नीट ऐका. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही तिथल्या डॉक्टरांना सांगून आणि मोजून. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही, मैत्रिणीची नाही, मेडिकलची नाही. मलमसुद्धा विचारून. पाय सुजले, लघवी कमी झाली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दाखवायचं. कळलं? आणि आता सांगा, सध्या कुठं कुठं दुखतं?"

आईने माझ्याकडे पाहिले.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षे जसे पाहत आली, तसे पाहिले : मी उत्तर देण्याची वाट पाहत. माझे तोंड उघडलेसुद्धा होते.

मी तक्ता घडी करून खिशात घातला आणि बाहेर गेलो. दार ओढून घेतले.

बाहेर बाक होता, त्यावर बसलो नाही. दारापाशी उभा राहिलो. बराच वेळ आत काही ऐकू आले नाही. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, आणखी एकदा, अधिक सावकाश. मग शांतता. मला वाटले, ती आता बोलणार नाही. माझी वाट पाहून ती बोलणेच विसरली असावी.

मग तिचा आवाज सुरू झाला. दार जाड आहे. शब्द कळत नव्हते. परिचारिका ट्रे घेऊन आत गेली, बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. आईचा आवाज चालूच होता. मध्ये एकदा थांबला, मला वाटले संपले. पुन्हा सुरू झाला. तू कागद घेऊन जिना चढून वर आलीस, तेव्हाही तो चालू होता. तू मला दाराबाहेर पाहिलेस, थबकलीस, आणि आत गेलीस.

मी तेथून निघालो.

भिमाजी